गोरखचिंचेवरची खूण

चिंगवेले अभयारण्य, पक्ष्यांचा तळ
११ जून १९९७

सोमोए,

सलाम. आधी खाली बस, हातातलं काम बाजूला ठेव आणि मगच पुढं वाच. माश्या चावून माझी बोटं सुजलीत. अक्षर लागलं नाही तरी म्वाजुमाकडून वाचून घेऊ नकोस. पोरीच्या वाचण्यातलं हे नाही.

परवा दोन म्हातारे पाहुणे घेऊन पक्षी दाखवायला निघालो होतो. नवराबायको, दोघंही निवृत्त मास्तर. गळ्यात दुर्बिणी आणि हातात यादी. तीन दिवसांत मी त्यांना एकशे चाळीस पक्षी दाखवले, पण बाईंचा एकच धोशा, "शाईबु, सेगो कधी?" मधाची वाट दाखवणारा पक्षी त्यांना बघायचाच होता. म्हटलं, बोलावतो. बाबांनी शिकवलेली साद घातली, ब्रर्रर्र-हं, ब्रर्रर्र-हं. चौथ्या हाकेला आला की गं पठ्ठ्या! चटचट बोलत या फांदीवरून त्या फांदीवर, आणि आम्ही तिघं त्याच्या मागं. बाई तर लहान पोरीसारख्या धावत होत्या.

कोरडा ओढा ओलांडून त्यानं आम्हाला एका गोरखचिंचेपाशी नेलं आणि गप्प बसला. बुंध्यावर खांद्याच्या उंचीला ढोली, ढोलीत माश्या. आणि ढोलीखाली कुऱ्हाडीची खूण. दोन तिरके घाव, त्याखाली एक आडवा. आपल्या घराची खूण! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पाहुण्यांना म्हटलं, दुसऱ्याची खूण असती तर या झाडाला मी बोटसुद्धा लावलं नसतं. आमच्यात कुणीच लावत नाही. पण हे झाड आमच्या घरचं आहे, आज तुम्हाला मध खाऊ घालतो.

पाला पेटवून धूर दिला, हात आत घातला. पोळं ओढलं तर पोळ्याबरोबर काहीतरी सरकलं. जड आणि थंडगार. ओढून बाहेर काढलं तर हत्तीचा सुळा, गं. त्यामागं आणखी सहा. बाईंनी तेवढ्यात फोटो काढला. मी तसाच उभा राहिलो, माश्या चावत होत्या तेही कळेना.

पुढं रक्षक आले आणि अभयारण्याचे मुख्य म्बावला साहेब स्वतः आले. विचारलं, खूण कुणाची? म्हटलं, आमची. म्हणाले, तुमच्यात ही खूण घालणारे कोण कोण? सोमोए, तूच सांग, मी काय बोलणार होतो? पहिले बाबा, पण ते तर रक्षक, सुळेचोरांच्याच गोळीनं गेले, अभयारण्याच्या फाटकावर त्यांचं नाव आहे. दुसरा मी. आणि तिसरा, ज्याला बाबांनी लग्नात आपली खूण दिली तो, तुझा नवरा.

मी त्वाहाचं नाव सांगितलं. त्याच्या घरावर गेल्या साली पत्रे चढले, नवी सायकल आली, ते सगळं त्या घडीला माझ्या डोळ्यांपुढं आलं. माझ्यावर रागाव, पण मुलांना घेऊन आईजवळ राहा. दाऊदीच्या ट्रकनं हे पत्र पाठवतोय.

तुझा दादा,
शाईबु

*

नामिकुंडा
१९ जून

दादा,

तुझ्या पत्राआधी जीप आली. चार दिवस आधी. त्वाहा अंगणात मक्याची कणसं वाळत घालत होता. त्यांनी नाव विचारलं, त्यानं सांगितलं. म्हणाले चल. त्यानं हात धुतले, सदरा घातला आणि गेला. "का" म्हणूनही विचारलं नाही. मी मात्र जीपच्या मागं विहिरीपर्यंत धावले, ओरडले, आणि सगळ्या गावानं दारात उभं राहून बघितलं.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा माझ्याच माहेरचा निघावा? पत्रे म्हणे! मी दोन वर्षं चटया विणल्या, बोटांची सालं निघाली, त्यातले ते पत्रे. आणि सायकल त्याच्या भावानं मासेमारी सोडली तेव्हा त्याला दिली. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तुला लांबच्या फांदीवरच्या पाखराची शेपटी दिसते आणि बहिणीची बोटं दिसत नाहीत होय रे?

आपल्यात बहिणीच्या लेकरांचा वाली मामा. बाप मेला तरी मामा असतो म्हणून बायका निर्धास्त झोपतात. माझी म्वाजुमा विचारते, "मामानं बाबांना का धरून दिलं?" तूच ये आणि उत्तर दे. आई काही बोलत नाही. तिची माळ चालू आहे.

त्वाहानं हे केलेलं नाही. मी सांगते म्हणजे नाही. साहेबाकडं जा आणि शब्द मागं घे.

सोमोए

*

चिंगवेले
२७ जून

सोमोए,

शिव्या दे, मला लागतील तेवढ्या लागू देत. पण शब्द मागं कसा घेऊ? सुळे माझ्या हातात आले होते. बाईंच्या फोटोत मी सुळा धरून उभा आहे, तोंड उघडं, भुतानं झपाटल्यासारखा.

जिल्ह्याच्या गावी जाऊन कोठडीत त्वाहाला भेटलो. म्हटलं, बोल बाबा, तू नसशील तर नाही म्हण, मी तुझ्या बाजूनं उभा राहतो. भिंतीकडं बघत बसला. अर्ध्या तासानं म्हणाला, "धान्याच्या कणगीचं छप्पर सुटलंय, कुणाकडून तरी बांधून घे." मी म्हटलं, वेड लागलंय का तुला, इथं पंधरा वर्षांची भाषा चाललीय! तर मला विचारतो, "सेगोसाठी मेण ठेवलंस का?"

नव्हतं ठेवलं, गं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विसरलो. सेगोनं वाट दाखवली आणि त्याचा वाटा न देता माणूस परत आला, असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं. मला तिथंच रडू फुटलं, आणि तो शांत. मला तर वाटतं की निर्दोष माणूस इतका शांत बसतच नाही. तो आरडाओरडा करतो, भिंतीवर डोकं आपटतो.

आणि तू म्हणतेस, मी सांगते म्हणजे नाही. कशावरून? दुसऱ्या कुणाचं नाव ठाऊक असेल तर सांग. ज्या हत्तींसाठी बाबांनी छातीवर गोळी घेतली, त्यांचे सुळे बाबांनी दिलेल्या खुणेखाली लपवायचे! बाबा असते तर त्यांनी स्वतः त्याला बेड्या घातल्या असत्या.

शाईबु

*

नामिकुंडा
६ जुलै

दादा,

जास्त लिहीत नाही. तू पुन्हा त्या झाडापाशी जा. एकटा जा, पाहुणे नकोत. खुणेच्या घावांवर साल किती चढलीय ते हात लावून बघ. त्वाहा लग्न करून आपल्या घरी अठ्ठ्याऐंशी साली मका कापून झाल्यावर आला, त्याला नऊ वर्षं झाली. घाव किती वर्षांचे आहेत, ते तुला कुणी सांगायला नको.

बघितलंस की लिही.

सोमोए

*

चिंगवेले
२० जुलै

सोमोए,

मी जाऊन आलो.  

घावांच्या दोन्ही कडांना साल अंगठ्याएवढी जाड होऊन आत वळलीय. खालचा आडवा घाव तर जवळजवळ मिटत आलाय. तेरा-चौदा वर्षं, कमी नाहीत. आणि ज्या पोळ्यांबरोबर सुळे निघाले त्यांचं मेण काळंकुट्ट होतं, थरावर थर. माश्यांनी सुळ्यांवरच पोळी बांधली होती. माझ्या हातात होतं ते सगळं, आणि मी बघितलं नाही! पक्षी दाखवून पोट भरणारा माणूस मी, लोक मला गरुडाच्या डोळ्यांचा म्हणतात. थू माझ्या डोळ्यांवर.

दोन्ही घाव डावीकडून उजवीकडं उतरतात, सोमोए. मी उजवा, त्वाहा उजवा. आपल्या घरात डावखुरा एकच माणूस होता.

आता तू मला सांग की बाबांनी नुसता मध काढला. खूण त्यांची, पण ढोलीत सुळे ठेवणारा दुसराच कुणी. असं होऊ शकतं की नाही? परक्याच्या खुणेला हात लावू नये एवढी लाज नसलेला कुणी असेलच ना? मी चार दिवस स्वतःला हेच सांगतोय आणि मलाच ते पटत नाही. लहानपणी बाबा ओढ्यापलीकडं जाऊ द्यायचे नाहीत, तिथल्या माश्या खुनशी आहेत म्हणायचे. आठवतं का तुला?

तुला ठाऊक होतं का? एवढंच सांग. हो की नाही.

शाईबु

*

नामिकुंडा
२९ जुलै

दादा,

हो.

बाबा इस्पितळात तीन दिवस होते. तू पहिल्या दोन दिवसांत पोहोचलाच नाहीस, पुलावरून पाणी होतं. आई बाहेर प्रार्थनेला बसलेली. मी त्यांना वारा घालत होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ओढ्यापलीकडच्या गोरखचिंचेत सात सुळे आहेत, ते तिथंच कुजू देत. मला वाटलं तापात बडबडतायत. तर त्यांनी सगळं सांगितलं. बंदुका दुसऱ्यांच्या होत्या, दोघंजण होते. हत्ती कुठल्या पाणवठ्यावर येतात ते बाबा सांगायचे. सहा वर्षं, दादा. दिवसा रक्षकाचा गणवेश आणि मागल्या दारानं हे. शेवटी त्यांनी नाही म्हटलं आणि सात सुळे द्यायलाही नकार दिला, म्हणून त्या दोघांनीच गोळी घातली. लोकांना वाटलं, चोर पकडताना गेले.

झाडाला कुलूप लागत नाही, पण आपल्यात खुणेसारखं दुसरं कुलूप नाही, असं म्हणून ते हसले. आणि म्हणाले, "शाईबुला सांगू नकोस. तो माझ्यासारखा व्हायला बघतो." त्यानंतर ते फक्त पाणी मागायचे.

तू आलास तेव्हा साहेब तुझ्या खांद्यावर हात ठेवून तुला बापाच्या जागी कामावर घेत होते. आईला शहिदाची बायको म्हणून दरवर्षी मक्याची पोती येऊ लागली. मी कुठल्या तोंडानं बोलणार होते? चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर एकट्या त्वाहाला सांगितलं, नाहीतर माझी छाती फुटली असती. तो म्हणाला, सासऱ्याचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, आणि म्हातारीच्या कानावर हे जाणार नाही. म्हणून तो भिंतीकडं बघत बसतो. तू त्याला चोर समजलास.

मीही तुझी गुन्हेगार आहे. पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. लेखणी उचलायची आणि बाबांचा चेहरा समोर यायचा. आता नवऱ्याचा येतो. घरातला मोठा तू आहेस. काय करायचं ते तू ठरव.

सोमोए

*

चिंगवेले
१२ ऑगस्ट

सोमोए,

 तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन निघालो आणि एका साध्या होल्याला भलतंच नाव सांगितलं. ते हसले. मी परत फिरलो आणि थेट म्बावला साहेबांकडं गेलो.

सगळं सांगितलं. ते अजिबात दचकले नाहीत, हेच मला आधी कळेना. उठले, दार लावलं, स्वतःच्या हातानं मला चहा ओतला. म्हणाले, "शाईबु, हत्ती मेले. तुझा बाप अलाउसी मेला. या तळावरची सहा पोरं तुटपुंज्या पगारावर जंगलात जीव धोक्यात घालतात ती कुणाकडं बघून? त्या फाटकावरच्या नावाकडं बघून. ते नाव काढलं तर उद्या कोण उभा राहील?"

मी म्हटलं, "साहेब, आणि त्वाहा?"

"जावई आहे ना तुमचा? तो गप्प आहे, त्याला समज आहे. चांगली वागणूक दाखवली तर पाच-सहा वर्षांत सुटेल. त्याच्या बायकोमुलांचं आम्ही बघू. बहिणीचं पत्र इकडं दे."

सोमोए, मी आजवर या माणसाला बापाच्या जागी मानलं! मी पत्र दिलं नाही, सदऱ्याच्या आत घातलं होतं, त्यावर हात ठेवून तसाच उठलो. ते मागून म्हणाले, "दुर्बीण सरकारी आहे, विसरू नकोस."

पंचवीस तारखेला सुनावणी आहे. मी जातोय. न्यायाधीशापुढं बाबांचं नाव घेणार आहे. आजवर मी कुठल्या हत्तीला एवढा घाबरलो नाही. आईला अजून काही सांगू नकोस. मी स्वतः येऊन, तिचे पाय धरून सांगेन. तिच्या वयाला हा धक्का कसा सोसवेल, हीच मला काळजी आहे.

शाईबु

*

जिल्ह्याचं गाव, बस थांब्यावरून
२६ ऑगस्ट

सोमोए,

काल सांगितलं. तुझं पत्र वाचून दाखवलं. मी आधी दिलेल्या अर्जावरून झाडाची साल बघायला न्यायाधीशानं वनखात्याचा म्हातारा अधिकारी पाठवला होता, त्यानंही घाव तेरा-चौदा वर्षांचे म्हणून सांगितलं. मी "माझे वडील अलाउसी" एवढं म्हटलं आणि मागं बसलेले रक्षक एकेक करून उठून बाहेर गेले. त्यातले दोघं माझ्याबरोबर एका ताटात जेवलेले.

त्वाहा सुटला. बाहेर आल्यावर मी त्याचा हात धरायला गेलो, त्यानं मागं घेतला. इतका वाळलाय की ओळखू येत नाही. म्हणाला, "दादा, मी अकरा आठवडे दात आवळून बसलो. ते कशासाठी, तेवढं तरी विचारायचंस." मी म्हटलं, माझ्या बहिणीसाठी केलं मी, तुझ्यासाठी केलं. तर म्हणतो, "आणि म्हातारीसाठी कोण करणार?"

तो दाऊदीच्या ट्रकनं येतोय, हे पत्र त्याच्याच खिशात आहे. मला कामावरून काढलंय, उद्या तळावर जाऊन सामान घेतो. तोवर आईला घराबाहेर सोडू नकोस. बाजारातून कुणी काही बोलत आलं तर दारातूनच परत पाठव. तिला हे माझ्या तोंडून कळू दे, एवढं माझ्यासाठी कर.

दादा

*

नामिकुंडा
३ सप्टेंबर

दादा,

त्वाहा शुक्रवारी दुपारी आला. मुलं त्याला बिलगली. तो पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. आई आतून बाहेर आली, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सुटलास? मग बोललं कोण?"

मी पाण्याचं भांडं त्याच्या हातात दिलं. मी म्हटलं, आई, काय बोललं? कशाबद्दल म्हणतेस? तर ती माळ ओढत शांतपणे म्हणाली, "सोंग नको करूस. तुझ्या बापाचे कपडे तीस वर्षं मी धुतले. घामाचा वास वेगळा आणि हत्तीच्या रक्ताचा वेगळा. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

दादा, तिला ठाऊक होतं! जीप आली तेव्हा ती दारातच होती. मी विहिरीपर्यंत ओरडत धावले तेव्हाही ठाऊक होतं. अकरा आठवडे मी तिच्यापुढं भाकरतुकडा ठेवायचे, तिला धक्का बसू नये म्हणून आत जाऊन रडायचे, आणि ती जेवायची. सगळं जेवायची. मी ओरडले, "अगं, मग एक शब्द का नाही बोललीस? माझा नवरा पंधरा वर्षांसाठी जात होता!"

तिनं काय उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर तुझा विश्वास बसणार नाही. म्हणाली, "जावई परका. आज आहे, उद्या नाही, दुसरा मिळतो. माझा नवरा एकच होता. त्याची अब्रू मी का घालवू?"

त्वाहा पायरीवरच होता. ज्या म्हातारीच्या कानावर जाऊ नये म्हणून तो गप्प बसला, तिच्याच तोंडून त्यानं हे ऐकलं.  पाणी प्यायला, भांडं पालथं घातलं आणि कणगीच्या छपरावर चढून ते बांधायला लागला. अंधार पडेपर्यंत खाली उतरला नाही. 

दुसऱ्या दिवशी मी अंगणाच्या पलीकडच्या कडेला तीन दगड मांडले आणि वेगळी चूल पेटवली. आईनं म्वाजुमाच्या हाती मक्याच्या पिठाच्या उगालीची वाटी पाठवली. मी परत धाडली. आपल्या घरात आजवर कुणा लेकीनं आईपासून चूल वेगळी केलेली नाही, गावातल्या बायका मला बघायला येतात. येऊ देत. तिचं सगळं मी करते, पाणी भरते, सरपण तोडून देते, पण तिच्या हातचं माझ्या घशाखाली उतरत नाही.

तुझा निरोप मिळाला, तू सामान घेऊन येतोयस. ये. तू आईचे पाय धरणार होतास, ते धर किंवा नको धरूस, मी मध्ये येणार नाही. पण आल्या दिवशी दोन्हीकडून धूर निघत असेल, दोन्हीकडून तुला हाक येईल, आणि त्वाहा आणि आई दोघंही बघत असतील. कुठल्या चुलीपाशी बसायचं ते वाटेतच ठरवून ये.

सोमोए